गोधडी शिवताना मशीनचा दोरा सारखा तुटतो, खालून गुंता होतो. कोणता दोरा घ्यावा?

दोरा राहू द्या, आधी सुई बदला. आईच्या जुन्या सुती साड्यांचे पाच थर, घरचं पायाचं काळं मशीन आणि दुकानदाराने गळ्यात मारलेलं तिसरं रीळ, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या थरांत ब्लाऊजची ११ नंबरची सुई टिकत नाही. ती वाकते, टोक बोथट होतं, टाके सुटतात आणि दोरा कातरला जातो. १६ नंबर लावा, काठावर काठ आला असेल तर १८. सुईला ज्या बाजूने लांब खाच असते, त्याच बाजूने दोरा ओवायचा.

गुंता खाली दिसला की लोक लगेच बॉबीन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू पिळायला घेतात. दोष मात्र बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली टेकवून दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. पाय उचला आणि पुन्हा पहिल्यापासून ओवा.

आता खरी गोधडीची भानगड. जुन्या साडीचं सूत विरलेलं असतं, शिवताना त्याचं तूस झडतं. सुईखालची पट्टी काढून बघा. दात्यांच्या फटींत ते इतकं दाबून बसलेलं असतं की टाचणीने उचकटलं तर नमद्यासारखी लांब वळी निघते. दाते मग कापड नीट पुढे सरकवत नाहीत, आणि घातलेलं तेलही ते तूसच पिऊन टाकतं. जुन्या टूथब्रशने झाडा. फुंकर मारू नका, तूस आणखी आत जातं. मी प्रत्येक गोधडीनंतर हे करते, मग शटलमध्ये, म्हणजे बॉबीन केस बसते त्या फिरत्या भागात, तेलाचा एक थेंब. तेल मशीनचंच हवं, पाण्यासारखं स्वच्छ. खोबरेल थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. (जाम मशीनला पूर्वी रॉकेल सोडायचे, आता ते मिळतंय कुठे!) तेलानंतर थोडं चिंधीवर शिवा, नाहीतर डाग साडीवर.

दोऱ्याचं म्हणाल तर जुन्या सुती कापडाला मी सुतीच लावते, ४० नंबरचा. आकडा वाढेल तसा दोरा बारीक, म्हणजे ५० चा याहून पातळ. पॉलिएस्टर दणकट असतो, तूसही कमी सोडतो; नव्या कापडाला, बाळाच्या रोज धुवायच्या दुपट्याला खुशाल वापरा. पण विरलेल्या साडीत शिवण कापडापेक्षा मजबूत नको. ओढ बसली तर दोरा तुटावा, तो परत घालता येतो. साडी चिरली की ठिगळच. रीळ घेताना हातभर दोरा उजेडासमोर धरा. तंतू पिंजारलेले, मध्येच जाड, मध्येच बारीक दिसला तर ते रीळ कच्च्या टाक्यांना ठेवा. हाताने धावदोरा घालायचा खळीचा कडक दोरा मशीनवर मुळीच नको, खळ चकत्यांत साचते.

टाका मोठा ठेवा, पायाचा दाब जरा सैल करा आणि मधून कडेकडे शिवत या.

एवढ्यावरही गुंता झाला तरच बॉबीन केसला हात लावा. भरलेली केस तिच्याच दोऱ्याने लटकवा. नुसती धरल्यावर जागेवर राहिली आणि हलक्या झटक्याने बोटभर खाली आली, तर ताण बरोबर आहे. सरसर उतरली तर बारका स्क्रू पाव फेरा आवळा, आणि पुन्हा लटकवून बघा.