सफरचंदाच्या चालू बागेतल्या डिस्क गोल्फ कोर्सवर कुठल्या डिस्क न्याव्यात? जंगलातल्या कोर्ससारखी इथेही डिस्क झाडांवर आदळली तर चालते का?

डिस्कचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते. (हा खेळ नवा असेल तर: टीपासून, म्हणजे पहिल्या थ्रोच्या जागेपासून, डिस्क फेकत फेकत कमीत कमी थ्रोमध्ये साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. टी ते बास्केट हा एक होल.) दोन पटर (बोथट कडेच्या, हळू जाणाऱ्या डिस्क) आणि सरळ जाणारी एक मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क), एवढंच न्या. ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान डिस्क, घरी ठेवा. बागेत दोन ओळींमधली गवताची पट्टी हाच फेअरवे, म्हणजे डिस्क फेकायची वाट. खुज्या खुंटावरच्या (झाड बुटकं ठेवणाऱ्या मुळावर कलम केलेल्या) नव्या बागेत दोन ओळींमध्ये साडेतीन-चार मीटर अंतर असतं आणि त्यातली दोन्हीकडची जागा फांद्या खातात. अशा बोळात वेगवान डिस्कचा उपयोग नाही. ती शेवटी वळणारच आणि वळली की ओळीत शिरणार. पटर खांद्याच्या खालून, निम्म्या ताकदीने, नाक, म्हणजे पुढची कड, खाली ठेवून सोडा. पन्नास मीटर गेली तरी पुष्कळ झालं. गवत सपाट दिसलं की रोलरचा, म्हणजे डिस्क कडेवर घरंगळत नेण्याचा, मोह होतो, पण रोलर पडता पडता ओळीत घुसते आणि ठिबकच्या नळ्यांमध्ये जाऊन बसते. नकोच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नाही, चालत नाही. हे मला सविस्तर लिहायचंय, कारण हाच प्रश्न तोंडावर विचारणाऱ्या एका माणसाशी माझा वाद झालेला आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

आमची लीग माझ्या मावशीच्या बागेत चालते. कोर्स मी आखला, पण एकही बास्केट तिला विचारल्याशिवाय रोवली नाही. छाटणी संपल्यावर आम्ही दोघी ओळ न् ओळ फिरलो. ट्रॅक्टर कुठे वळतो, फवाऱ्याचा पंप कुठून जातो, बहराच्या वेळी मधमाश्यांच्या पेट्या कुठे ठेवतात, तोडणीच्या वेळी क्रेटची थप्पी कुठे लागते, हे सगळं तिने दाखवलं आणि त्यातून उरलेल्या जागेत मी होल बसवले. बास्केट बहुतेक ओळींच्या टोकांना आहेत, कारण तिथे मोकळं असतं आणि चेंगरायला मुळं नसतात. या आखणीचा मला अभिमान आहे. बागेचं एकही काम कोर्समुळे अडत नाही.

तोडणी जवळ आली होती. फळांना रंग चढला होता, फांद्या वाकल्या होत्या. त्या राउंडमध्ये आमच्या क्लबातला एक जुना आणि खरोखर चांगला खेळाडू होता. त्या होलला डावीकडे काटकोनात वळायचं असतं. पहिल्या थ्रोमध्ये ओळीच्या टोकापर्यंत जायचं, दुसऱ्यात वळायचं, असा तो होल आहे. त्याने काय केलं? खुजी झाडं जेमतेम तीन-साडेतीन मीटर उंच, तर वरूनच जाऊ म्हणाला आणि थंबर, म्हणजे डिस्क उभी धरून डोक्यावरून फेकायचा थ्रो, मारला. डिस्क उभी वर गेली, चार ओळी ओलांडल्या आणि पाचव्या ओळीतल्या झाडात सरळ खाली घुसली. पानांमध्ये अडकून बसली.

अडकलेली डिस्क काढायला आम्ही दर तिसऱ्या टीजवळ आकडी लावलेली लांब काठी ठेवतो. ती आणायला त्याला शंभर पावलं मागे जावं लागलं असतं. त्याने बुंधा धरला आणि झाड गदागदा हलवलं. डिस्क आली नाही, फळं आली. मग त्याने फांदीच खाली ओढली. मी ओरडेपर्यंत ती आधाराच्या तारेपासून सुटून कडकन मोडली होती.

मावशी पलीकडच्या ओळीत फळं तपासत होती. ती आली, बघितलं, काही बोलली नाही. तोच म्हणाला, "मावशी, पाच-सहा फळं पडली, त्याचे पैसे देतो मी."

मावशी म्हणाली, "फळांचं सोड रे. या काड्यांवर पुढच्या वर्षाचे डोळे धरलेत. त्यांचे पैसे कसे लावणार आहेस?"

त्याला ते कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर डिस्क गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांना कळत नाही. सफरचंद सहसा नुसत्या फांदीला लागत नाही, बहुतेक आखूड फळकाड्यांवर लागतं. अशी काडी दोन वर्षं किंवा त्याहून जुन्या लाकडावर तयार होते आणि नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं फळ देते. शिवाय पुढच्या वर्षीच्या फुलाचा डोळा या वर्षीचं फळ झाडावर असतानाच धरायला लागतो, बहर संपल्यावर काही आठवड्यांतच. म्हणजे तोडणीच्या तोंडावर फांदी मोडली की दोन वर्षांचं पीक एकदम जातं, आणि त्या जागी पुन्हा फळकाड्या तयार व्हायला आणखी वेळ लागतो तो वेगळाच.

झाड हलवण्याचंही तसंच. एम ९ सारख्या खुज्या खुंटाची मुळं ठिसूळ असतात. ही झाडं स्वतःच्या जोरावर उभी राहत नाहीत, म्हणून त्यांना जन्मभर खांबाचा आणि तारेचा आधार द्यावा लागतो. ती गदागदा हलवायची नसतात.

मी त्याचा राउंड तिथेच थांबवला. त्यावरून जे सुरू झालं ते आजही सुरू आहे.

त्याचं पहिलं म्हणणं नियमांचं. नियम असा आहे की पवित्रा घेताना झाडाझुडपाची कमीत कमी हालचाल होईल अशा रीतीने उभं राहायचं आणि थ्रो करताना हात लागून फांदी सहज हलली तर ते चालतं. त्याच्या मते याचा अर्थ झाडाला हात लागणं खेळात धरलेलंच आहे. अहो, पण थ्रो करताना हलणारी फांदी वेगळी आणि दोन्ही हातांनी ओढलेली फांदी वेगळी! कोर्सवरच्या वस्तूची मुद्दाम मोडतोड केली की दंड आहे, हेही त्याच नियमांत आहे. आणि वर अडकलेली डिस्क काढल्याशिवाय पुढे खेळता येत नाही असंही नाही. डिस्क दिसते ना? तिच्या बरोबर खाली जमिनीवर लाय, म्हणजे पुढच्या थ्रोची जागा, धरा, दुसऱ्या डिस्कने खेळा, राउंड संपल्यावर काठी घेऊन या. झाड हलवायची गरज कुठे होती?

दुसरं म्हणणं मेपल हिलचं, आणि ते मी पुढेही हजारदा ऐकणार आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्टरला मेपल हिल नावाचा नामांकित कोर्स आहे, आणि तो नाताळच्या झाडांच्या चालू शेतीवर आहे. जगातले अव्वल खेळाडू तिथे स्पर्धा खेळतात. मग सफरचंदाच्या बागेचे एवढे लाड कशाला? कारण नाताळचं झाड काही वर्षं वाढवून एकदाच कापायचं असतं. त्याच्यावर फळ नाही. त्याची एक फांदी दुखावली तर त्या झाडाचं सौंदर्य कमी होतं, एवढंच. सफरचंदाचं झाड पंधरा-वीस वर्षं दरवर्षी तोडायचं असतं आणि एक डाग पडला की फळ प्रतवारीत खाली जातं. मुका मार लागलेलं फळ बाहेरून नीट दिसतं, शीतगृहात गेल्यावर आतून तपकिरी होतं, त्यातून इथिलीन हा फळं पिकवणारा वायू जास्त सुटतो आणि शेजारची चांगली फळंही लवकर पिकायला लागतात. एकदा हे डोक्यात शिरलं की थंबर मारायला हात उचलत नाही.

डिस्क म्हणजे काय आहे तेही लक्षात घ्या. नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालतं, म्हणजे २१ सेंटिमीटरचा ड्रायव्हर पावणेदोनशे ग्रॅमच्या जवळ जातो. कडा धारदार, प्लास्टिक टणक. बऱ्यापैकी खेळणारा माणूस ती ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने फेकतो. ती कोवळ्या सालीवर बसली की जखम होते, आणि सफरचंद-नाशपातीच्या बागेत जखम म्हणजे रोगाला दार उघडं. फायर ब्लाइटचा जिवाणू फुलांतून जसा शिरतो तसा जखमेतूनही शिरतो. म्हणून तर गारपिटीनंतर बागायतदाराची झोप उडते. बोथट पटर निम्म्या वेगाने लागली तर एवढं होत नाही. वर ड्रायव्हर घरी ठेवा म्हटलं त्याचं खरं कारण हे आहे, तुमचा स्कोअर नव्हे.

त्या प्रसंगानंतर मी झाडांच्या सगळ्या पट्ट्या, म्हणजे ओळीच्या दोन्ही बाजूंची तणमुक्त माती धरून, ओबी (आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर) केल्या. डिस्क त्या पट्टीत थांबली की एक थ्रोचा दंड. झाडात अडकली आणि खाली ओबी असेल तर तीही ओबीच. यावर त्याचं तिसरं म्हणणं: दंड कशाला, रिलीफ एरिया जाहीर कर. त्यात डिस्क थांबली तर बाहेर आणून खेळायचं, दंड नाही. झाडाखाली कोणी उभं राहणार नाही, मुळं वाचतील, खेळणाराही खूश.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण नुकसान पायांनी कमी होतं, डिस्कने जास्त होतं. रिलीफ एरियामुळे माणूस झाडाखाली उभा राहणार नाही हे खरं, पण ओळीवरून थंबर मारायचा मात्र थांबणार नाही, कारण फसला तरी त्याचं काहीच जात नाही. दंड असला की तो टीवर उभा असतानाच विचार करतो आणि पटर काढतो. मला तो विचार टीवरच व्हायला हवा आहे. झाडाला लागल्यावर झालेला विचार झाडाच्या काय कामाचा?

तो म्हणतो, डिस्क झाडाला लागून उडून परत गवतात आली तर तुझ्या ओबीत दंड कुठे आहे? नाही, तिथे दंड नाही. म्हणूनच फळं धरल्यापासून तोडणी संपेपर्यंत आमच्याकडे फक्त पटर चालतात आणि ओळीवरून फेकायला बंदी आहे. यावर तो लीग सोडून गेला. चांगला खेळाडू गेला याचं वाईट वाटतं. नियम बदलणार नाही.

एड हेड्रिकने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला. या खेळाच्या सवयी तेव्हापासून उद्यानांत आणि रानांत घडल्या, जिथे झाडाच्या पिकावर कोणाचं घर चालत नाही. त्या सवयी बागेत शिरताना बाहेर ठेवाव्या लागतात. तुम्ही जाणार आहात त्या बागेत असे नियम लिहिलेले नसतील तरी असेच खेळा. कोणी हसलं तर हसू द्या.

बाकीचं थोडक्यात. जायच्या आदल्या दिवशी फवारणी झाली आहे का ते विचारा. कुठल्या औषधानंतर किती वेळ बागेत शिरायचं नाही हे डब्यावर छापलेलं असतं, बागायतदाराला ते माहीत असतं, आणि तो ‘उद्या या’ म्हणाला तर उद्याच जा. खेळताना हात न धुता काही खाऊ नका. बहरात पेट्यांच्या बाजूचे होल सोडून द्या. खाली पडलेलं फळ मदत म्हणूनसुद्धा उचलून क्रेटमध्ये टाकू नका. जमिनीवर पडलेली फळं तोडलेल्या फळांत मिसळत नाहीत. डिस्क हरवली तर नियमाने तीन मिनिटं शोधायची असते. बागेत तेवढीच शोधा आणि फांद्या बाजूला सारून नव्हे, वाकून बघा.

हे सगळं खुज्या झाडांच्या सफरचंद बागेबद्दल लिहिलंय हे आधीच सांगायला हवं होतं. जुन्या पद्धतीची सात-आठ मीटर उंच झाडं असतील तर खालून जायला भरपूर जागा असते, तिथे मिडरेंज मोकळेपणाने फेकता येते. पीचच्या बागेत उलट जास्त सांभाळा, कारण तिथे फळ आदल्या वर्षीच्या कोवळ्या काडीवर येतं. बदामाच्या बागेत यंत्राने झाडं हलवूनच पीक पाडतात हे खरं आहे (हाही त्याचाच मुद्दा), पण ते फळाचं साल फाटून पीक तयार झाल्यावर, आणि तिथेही बुंध्याची साल सोलली जाऊ नये म्हणून जपावं लागतं. पानगळ झाल्यावर, हिवाळ्यात, सफरचंदाच्या बागेतही खेळ बराच मोकळा होतो. तेव्हा आम्ही ड्रायव्हर चालू देतो, ओबीची पट्टी मात्र तशीच ठेवतो, कारण डोळे काडीवर असतातच. छाटणीच्या काड्या गवतात पडलेल्या असतात, तेव्हा धावत येऊन फेकू नका, उभ्यानेच फेका.

आणि तोडणी सुरू असताना कोर्स बंद असेल तर एखादाच होल खेळू द्या म्हणून गळ घालू नका. तोडणाऱ्यांच्या शिड्या ओळीत लागलेल्या असतात, माणसं पानांआड दिसत नाहीत. त्या दिवसांत दुसऱ्या कोर्सवर जा.