रॅम १६ जीबी, तरी गेम का पडतो?

प्रश्न: दादा, मी इंदूरचा, राजवाड्याजवळ राहतो. ८ जीबी रॅम होती, अजून ८ टाकली. मित्र म्हणाला आता पेजफाइल (रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) कशाला हवी, म्हणून बंद केली, आणि आता गेम वीसेक मिनिटं चालतो की 'आउट ऑफ मेमरी' दाखवून धाडकन बंद! काय करू?

उत्तर: अरे भिया, त्या मित्राला सराफ्यात जिलबी खाऊ घाल, पण सल्ला ऐकू नकोस. विंडोज जेवढी मेमरी द्यायला कबूल होतं ती रॅम अधिक पेजफाइल एवढीच, आणि गेम वापरतो कमी पण आधीच मागून ठेवतो भरपूर, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये रॅम रिकामी दिसते तरी गेम पडतो. विंडोज आणि आर ही बटणं दाबून येणाऱ्या रनमध्ये sysdm.cpl टाक, अॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, पुन्हा अॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीत चेंज, आणि सगळ्यात वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वाली टिक लावून रीस्टार्ट. सी ड्राइव्ह गच्च भरलेला नको हं.

तरी पडला तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडतात त्या सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडवर चालवणारी सेटिंग, बंद करून बघ, रॅमच्या दोन वेगवेगळ्या स्टिक असल्या की हा त्रास होतो, स्पीड थोडा जाईल, जाऊ दे. शेवटी एकेक स्टिक लावून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालव, एक जरी एरर आली तरी ती स्टिक बदलून घे.