एमटीएचएफआरचा रिपोर्ट आला म्हणून थायरॉईडची गोळी आणि फॉलिक ॲसिड सोडू नका

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. हाशिमोटो, म्हणजे थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार आहे, थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती. गणपतीत मुंबईहून आलेल्या नणंदेने सांगितलं म्हणून जीन टेस्ट केलीत, त्यात एमटीएचएफआर या जीनमधला सी६७७टी हा बदल दोन्हीकडून, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला निघाला. मग कुणीतरी म्हणालं की खरं मूळ हे जीनच आहे, थायरॉईडची गोळी नुसती वरवरची, म्हणून महिनाभर ती बंद, फॉलिक ॲसिड बंद, आयोडीनचं मीठ बंद, आणि आता मिथाइलफोलेटचा (फोलेट या बी जीवनसत्त्वाचं शरीराला थेट वापरता येणारं रूप) मोठा डोस चालू करायचा विचार आहे. गोळी बंद असताना दिलेल्या रक्तात टीएसएच (थायरॉईड कमी पडला की चढणारा आकडा) १४ आणि होमोसिस्टिन (फोलेट किंवा बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) २३ आलंय, आणि पुढच्या वर्षात बाळ हवंय. मी रत्नागिरीची, मला हाशिमोटो बरीच वर्षं आहे, आणि हाच सी६७७टी माझ्याकडे एका बाजूने आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी गोळी. डॉक्टरांना आजच फोन करा, महिनाभर बंद होती हे स्पष्ट सांगा आणि कुठल्या डोसने परत सुरू करायची ते विचारा. बंद केल्यावर पहिले दहा-बारा दिवस काहीच झालं नाही, उलट हलकं वाटलं असं तुम्ही म्हणताय, ते तसंच होतं, कारण हे औषध अंगात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे त्रास उशिरा दिसतो आणि माणसाला वाटतं की गोळीची गरजच नव्हती. हाशिमोटोत आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडची ग्रंथी हळूहळू खाते, ग्रंथीने बनवायचं ते हार्मोन आपण गोळीतून घेतो. म्हणजे ही गोळी वरवरची नाहीच, शरीरात जे कमी पडतंय तेच ती भरून देते.

आता जीनचं. थायरॉईडच्या ऑटोइम्यून आजाराशी ज्या जीन्सचा संबंध पक्का सापडलाय त्या एचएलए, सीटीएलए४, पीटीपीएन२२ वगैरे, त्यात एमटीएचएफआर नाही. एमटीएचएफआरचं काम फोलेटला वापरण्याजोग्या रूपात आणायचं. सी६७७टी दोन्हीकडून असेल तर ते एन्झाइम बरंच मंद चालतं हे खरं, पण मंद म्हणजे बंद नाही. तेवढंच फॉलिक ॲसिड घेतल्यावर अशा लोकांच्या रक्तातलं फोलेट इतरांपेक्षा साधारण १६ टक्क्यांनी कमी भरतं, बस एवढाच फरक, आणि जगभर हा बदल इतका कॉमन आहे की त्याला आजार म्हणतच नाहीत. अमेरिकेतल्या जेनेटिक्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने तर २०१३ सालीच सांगितलंय की रक्ताच्या गुठळ्या किंवा वारंवार गर्भपात यासाठीसुद्धा ही टेस्ट करायची गरज नाही.

मग होमोसिस्टिन २३ का आलं? तुमचा रिपोर्ट बघून माझं मत असं की जीनकडे बोट दाखवायच्या आधी तीन गोष्टी बघायला हव्यात. एक तर थायरॉईड कमी पडला की होमोसिस्टिन आपोआप वाढतं, आणि तुमचं रक्त गेलं तेव्हा गोळी बंद होती. दुसरं बी१२. तुमच्याकडे शाकाहार, दूधसुद्धा नुसतं चहापुरतं, आणि बी१२ तपासलंच नाहीये! आपल्याकडे होमोसिस्टिन वाढायचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं. तिसरं कुणी सांगत नाही, ते म्हणजे सॅम्पल. रक्त काढल्यावर पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर त्या पेशी नळीतच होमोसिस्टिन सोडत राहतात आणि तासातासाला आकडा चढतो. गुहागरला सकाळी रक्त काढलं, दुपारपर्यंत नळी तशीच उकाड्यात टेबलावर, मग गाडीने कोल्हापूर की मुंबई, असं झालं असेल तर त्या २३वर कसा भरवसा ठेवायचा? पुढच्या वेळी लॅबवाल्याला आधी विचारा की सॅम्पल बर्फात ठेवता का आणि मशीनमध्ये लगेच फिरवून पेशी वेगळ्या करता का. नसेल जमत तर चिपळूणला जाऊन द्या, पण जिथे मशीन आहे तिथेच द्या.

बी१२ बद्दल अजून थोडं, कारण माझा स्वतःचा अनुभव आहे. आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस तरी ताटात बांगडा नाहीतर तारली असते, तरी माझं बी१२ खाली गेलं, पायांना मुंग्या यायच्या, रात्री चादर लागली तरी तळवे झिणझिणायचे. मासे खाणाऱ्या बाईचं बी१२ कमी कसं, असा प्रश्न आमच्या डॉक्टरांना पडला म्हणून त्यांनी पुढची तपासणी केली आणि कळलं की पोटाच्या आतल्या अस्तरावरही तोच ऑटोइम्यून हल्ला चालू आहे. हाशिमोटोवाल्यांत हे जोडीने येऊ शकतं. अशा पोटात बी१२ नीट शोषलं जात नाही आणि थायरॉईडची गोळीसुद्धा कमी लागू पडते. मला इंजेक्शनं चालू झाली, मुंग्या हळूहळू गेल्या, आणि नंतर होमोसिस्टिनही नॉर्मल आलं. जीन अर्थातच होतं तसंच आहे. म्हणून कळकळीने सांगते, बी१२ बघितल्याशिवाय कुठल्याही फोलेटचा मोठा डोस सुरू करू नका, फोलेटने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

फॉलिक ॲसिड विष आहे असं तुम्हाला सांगितलं गेलंय, त्याचा मला खरंच राग येतो. बाळाच्या मणक्यातला आणि मेंदूतला दोष टाळतं असं सिद्ध झालेलं फोलेट हेच साधं फॉलिक ॲसिड आहे, आणि एमटीएचएफआर असलेल्या बायकांनाही ते लागू पडतं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्यातून बनतो ती नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, दिवस राहिलेत हे कळेस्तोवर बरेचदा वेळ निघून गेलेली असते, म्हणून आधीपासून घ्यायचं. रोज ४०० मायक्रोग्रॅम हा नेहमीचा डोस, तुम्हाला जास्त लागेल का ते डॉक्टर ठरवतील.

आणि बाळासाठी घाई करायच्या आधी टीएसएच खाली येऊ द्या, बहुतेक डॉक्टर २.५च्या आत सांगतात. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. दिवस राहिले की गोळीचा डोस वाढवावा लागतो, तो किती आणि कसा ते आत्ताच विचारून लिहून ठेवा, म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर पावसात एसटी बंद म्हणून आठवडा वाया जायला नको. आशाताई लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम देतील, त्या जरूर घ्या पण थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. सकाळचं नाचणीचं सत्त्व दुधातलं, तेही लगेच नको. गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने.

बाटली स्वयंपाकघरात चुलीजवळच्या फडताळात ठेवू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा पाणी सोडतं, ही गोळी दमट हवेला आणि उष्णतेला फार नाजूक, झाकण घट्ट लावून कोरड्या खोलीत, आणि महिन्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवू नका.

मिठाचं म्हणाल तर आयोडीनचं मीठ परत सुरू करा. मिठागरावरचं खडं मीठ लोणच्याला घाला, पण रोजच्या जेवणात आणि खास करून गरोदरपणात आयोडीन लागतं. टाळायच्या त्या समुद्री शेवाळाच्या गोळ्या, त्यात आयोडीन भरमसाठ असतं आणि हाशिमोटो त्याने बिघडू शकतो. गहू सोडायचा असेल तर आधी सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) रक्ततपासणी करा, गहू बंद केल्यावर ती टेस्ट नीट येत नाही. तसंही आपल्याकडे घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी हेच जास्त, त्यामुळे घाई काहीच नाही.

तर आत्ता डॉक्टरांकडे जाल तेव्हा बी१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) तपासायला सांगा, गोळी परत सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, आणि होमोसिस्टिन त्यानंतरच. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्याने थायरॉईडचे आकडे चुकतात. बी१२ कमी निघालं तर पोटाच्या अँटिबॉडीचं डॉक्टरांना आवर्जून विचारा, आणि रिपोर्ट आले की इथे टाका, मी बघते.