नागपूरच्या उन्हात पग आणायचा का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाहीये. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, सकाळी नऊला निघतो ते संध्याकाळी सातला घरी. दिवसभर सासूबाई असतात पण त्यांचे गुडघे दुखतात. आम्हाला कुत्रा पाळायचाय. लेक चौथीत आहे, तिनं पगचाच हट्ट धरलाय, मला डॅक्सहुंड आवडतो. कुठल्या जातीचा घेऊ?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, पग नको, हे आधीच स्पष्ट सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हा त्याचं अंग थंड होतं, आणि पगचं नाक इतकं चपटं की श्वासाची वाट मुळातच अरुंद. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला, तर थोड्याच वेळात हीटस्ट्रोक होऊ शकतो आणि त्यातून जीवही जातो. लेकीला हे नीट समजावून सांगा, चौथीतल्या मुलीला कळतं. शिह त्झू या जातीचंही नाक तसंच, वर ते लांब केस रोज विंचरायचे, नाहीतर गाठी होतात.

डॅक्सहुंड गोडच असतो हो, पण पाठ लांब, पाय आखूड, त्यामुळे त्या जातीत मणक्याची चकती सरकायचा त्रास फार, कधीकधी मागचे पाय लुळे पडतात. रोज तीन मजले चढउतार त्याला नकोच.

आता मुख्य गोष्ट. दुपारी त्याला सू करायला खाली कोण नेणार? सासूबाई नाही नेऊ शकत. छोटं पिल्लू तर दर दोन-तीन तासांनी करणार, आणि पायात घुटमळणार, दुखऱ्या गुडघ्यांनी त्या अडखळून पडल्या तर? म्हणून पिल्लू नकोच, दोन-तीन वर्षांचं शांत कुत्रं बघा. इंडियन स्पिट्झ चालेल, तेच पांढरं झुबकेदार, ज्याला आपण सगळे पॉमेरेनियन म्हणतो. आपल्या हवेत बऱ्यापैकी रुळलेलं आहे, पण त्यालाही दुपारी गारवा लागतोच, केस गळतात आणि बेल वाजली की भुंकणार म्हणजे भुंकणारच, शेजाऱ्यांची तयारी आहे का बघा. माझं मन विचाराल तर शेल्टरमधली, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातली, लहान चणीची देशी कुत्री, पातळ केस, उन्हाची सवय, आणि वयानं मोठी असल्यामुळे स्वभाव आधीच कळतो. तरी दहा तास धरून ठेवायला लावू नका, दुपारी एक फेरी मारायला ओळखीतला कॉलेजचा मुलगा पगारावर ठेवा.

बघायला जाताना सासूबाईंनाही न्या, दिवसभर त्यांच्याच सोबत राहायचंय त्याला. आणि तरी पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विकणाऱ्याकडे नोंदणी मागा, पिल्लाची आई बघायला मागा, दाखवत नसेल तर तिथून सरळ परत या.