वर्षाचे पैसे भरण्याआधी टीव्ही बघा

इफ्फी, म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आटोपला की पणजीहून परतताना हा प्रश्न हमखास निघतो: घरबसल्या सिनेमे दाखवणारी नवी ऑनलाइन सेवा घेऊ का? किमतीचं नंतर बघू. आधी घरातला टीव्ही कुठला ते सांगा.

म्हापशाच्या घरी माझा जुना स्मार्ट टीव्ही. सवलत दिसली म्हणून वर्षाचे पैसे भरून मोकळा झालो, आणि मग कळलं की त्या टीव्हीसाठी अ‍ॅपच नाही. लॅपटॉप एचडीएमआयने जोडला तर आवाज येतोय, पडदा काळा! मधला स्वस्त अ‍ॅडॉप्टर एचडीसीपी, म्हणजे कॉपीबंदीची खूण, पुढे पाठवत नव्हता. शेवटी टीव्हीला लावून अ‍ॅप चालवणारी वेगळी स्टिक घ्यावी लागली. सवलत गेली खड्ड्यात.

अँड्रॉइड फोनवर बघणार असाल तर वाइडवाइनची, म्हणजे फोनमधल्या कॉपीबंदीच्या व्यवस्थेची, पातळी तपासा. फुकट अ‍ॅप्स ती दाखवतात. एल३, म्हणजे सगळ्यात खालची, आली तर महागडी योजना घेऊनही बहुतेक ठिकाणी एचडी मिळत नाही.

डेटाही धरा. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर मध्यंतरसुद्धा गाठणार नाही. पावसाळ्यात वीज गेली की वायफायही गेलं, तेव्हा डाउनलोडची सोय हवीच.

माझं ऐकाल तर एकच महिना घ्या आणि त्याच दिवशी यूपीआयमधला ऑटोपे बंद करा. महिन्यात चार सिनेमे बघून झाले, तरच पुढचं बोलू.