‘पेशींना धरून ठेवणारं प्रथिनच नाही, मग ऑपरेशन कशाला?’

“मॅडम, रिपोर्टात लिहिलंय की पेशींना धरून ठेवणारं प्रथिनच नाही. म्हणजे सगळं अंगभर सुटलं असणार. मग आता आईला कापाकापी कशाला?”

मी कॅन्सरच्या रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. असे प्रश्न हल्ली वरचेवर येतात. बायोप्सीचा रिपोर्ट डॉक्टरांनी समजावण्याआधीच मुलांच्या मोबाइलवर येतो आणि रात्रभर एकेक शब्द शोधला जातो. हा मुलगाही न झोपताच आला होता. सोबत साठीच्या आसपासच्या काकू. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) निदान होतं इन्व्हेझिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, म्हणजे स्तनाच्या खंडिकांत सुरू होऊन आजूबाजूला शिरणारा कॅन्सर, आणि ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ या ओळीखाली त्याने लाल रेघ मारून आणली होती.

त्याने वाचलं ते खोटं नव्हतं. ई-कॅडहेरिन पेशीच्या आवरणात असतं. शेजारशेजारच्या पेशींवरची ही प्रथिनं एकमेकांत अडकतात आणि पेशी एकमेकींना धरून राहतात. कॅडहेरिन या कुळातली प्रथिनं ओळखली ती जपानचे शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी. प्रथिनाचं आतलं टोक कॅटेनिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनांना धरतं, त्यामुळे वाढीचे संदेशही काबूत राहतात. लोब्युलर प्रकारात बहुतेक वेळा हे प्रथिन नाहीसं झालेलं असतं. मग पेशींचा गोळा होत नाही, मुंग्यांच्या रांगेसारख्या त्या एकामागे एक सरकतात. निदान पक्कं करायला पॅथॉलॉजिस्ट याच प्रथिनाची तपासणी लावतात. म्हणजे ती ओळ कॅन्सर कुठल्या जातीचा आहे ते सांगते. तो कुठवर गेला, हे त्या ओळीत नसतं.

मुलाला हे पटेना. मग मी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. स्तनाच्या खंडिकांतच थांबलेल्या, ‘लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू’ म्हणतात त्या अवस्थेतही हे प्रथिन नसतं, तरी त्या पेशी वर्षानुवर्षं जागच्या जागी राहू शकतात. उलट, जास्त आढळणाऱ्या डक्टल, म्हणजे दूधनलिकांतल्या, प्रकारात ई-कॅडहेरिन सहसा शाबूत असतं, तरी तो पसरू शकतो. पसरणं या एका प्रथिनावर ठरत असतं तर हे दोन्ही घडलं नसतं. पसरलंय का हे कळतं गाठीच्या आकारावरून, काखेतल्या लसीकाग्रंथींवरून आणि डॉक्टरांना गरज वाटली तर स्कॅनवरून. लाल रेघेची खरी हकदार ओळ तीन ओळी खाली होती: ईआर पॉझिटिव्ह. पेशींना वाढीचा संदेश इस्ट्रोजेनकडून मिळतोय, आणि तो तोडणारी गोळी उपलब्ध आहे.

मुलाला चहा आणायला पाठवलं तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. “गाठ अशी हाताला लागलीच नव्हती. नुसती जागा घट्ट वाटायची. गेल्या वर्षी मॅमोग्राफीत काही नाही म्हणाले, म्हणून गप्प बसले. माझ्याच हलगर्जीपणानं झालं ना हे?”

ज्या ओळीने मुलाची झोप उडवली होती, तिच्यातच काकूंच्या प्रश्नाचं उत्तर होतं. पेशी एकत्र गोळा होत नाहीत म्हणून बोटाला टणक गाठ लागत नाही, मॅमोग्राफीतही हा प्रकार सहज निसटतो. कित्येक बायकांना फक्त थोडं जाडसर, ओढल्यासारखं वाटतं. हे मी सांगितलं तेव्हा काकू बराच वेळ रडल्या. मी मध्ये बोलले नाही. समुपदेशनात आपण धीर द्यायची फार घाई करतो असं माझं मत आहे.

याच कारणाने सर्जन ऑपरेशनआधी बऱ्याचदा दोन्ही स्तनांचा एमआरआय सांगतात. आजाराची खरी व्याप्ती त्यात अधिक स्पष्ट दिसते. तो खर्च वाढवायला सांगितलेला नसतो, हेही बोलावं लागलं. संशय बोलून दाखवला नाही तरी तो डोळ्यांत दिसतो.

चहा आला, आणि सोबत नवी शंका. कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं असं वाचून घरी नाचणी आणि गोळ्यांचा मारा सुरू झाला होता. जे प्रथिन तयारच होत नाही ते कॅल्शियम खाऊन परत येत नाही. पुढे लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी सुरू झाली तर हाडं विरळ होऊ शकतात, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरच सांगतील. नाचणी खुशाल खावी.

“आणि माझ्या बहिणीचं काय?” मुलाने विचारलं. बहुतेकींत हा दोष फक्त गाठीच्या पेशींत उद्भवलेला असतो, रक्तातून मुलांकडे जात नाही. ई-कॅडहेरिनच्या सीडीएच-१ या जनुकातला दोष वारशाने येतो अशी कुटुंबं थोडी. 1998 मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून तो पुढे आला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जठराचा कॅन्सर होत होता. म्हणून मी घरात कुणाला तरुणपणी पोटाचा कॅन्सर झाला होता का, कमी वयात किंवा दोन्ही स्तनांत लोब्युलर कुणाला होता का, ते विचारलं. दोन्हींना नाही. तरी आईला झालाय म्हटल्यावर बहिणीने आपली तपासणी केव्हापासून करायची ते डॉक्टरांना विचारायलाच हवं.

ऑपरेशनला ते तयार झाले. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पुढचंही सांगितलं. गोळी किमान 5 वर्षं, कधी त्याहून जास्त. हा प्रकार काहींमध्ये दहा वर्षांनंतरही डोकं वर काढू शकतो, आणि हाडांबरोबरच पोटातलं आवरण, आतडी, अंडाशय अशा अनपेक्षित जागी. त्यामुळे पुढे कधी पोट सतत भरल्यासारखं वाटलं, भूक गेली, पाठ दुखायची थांबेना, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन बसायचं नाही. त्या वेळचा डॉक्टर नवा असेल, जुनी फाइल त्याच्यापुढे नसेल. तेव्हा “मला लोब्युलर होता” हे आपणच सांगायचं. मुलाने ते तीन शब्द फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आणि एमआरआयची तारीख विचारायला खिडकीकडे गेला.