कंपनी लीजवर स्टायलिश कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतोय, रोजच्या वापराला कशी पडते? टॉप मॉडेल घेऊ की मधलं?

रोज भोसरी ते चाकण आणि अधूनमधून रांजणगाव, म्हणजे पुण्याजवळचा सगळा कारखान्यांचा पट्टा, असं तुम्ही लिहिलंय म्हणून उत्तर देतोय, नाहीतर गाड्यांच्या प्रश्नांवर मी गप्प बसतो. टॉप नका घेऊ. 17 इंची चाकं तर अजिबात नका घेऊ.

मी कारखान्यातल्या मशीनवर धातू कापायची कटिंग टूल्स विकतो, त्यामुळे डिकीत कायम टूलच्या पेट्या. लीजच्या फॉर्मवर मी 16 इंची चाकांचं मधलं मॉडेलच लिहिलं होतं, पण ॲडमिनच्या साहेबांना कस्टमरच्या गेटवर गाडी उठून दिसायला हवी होती आणि आमचे दाजी, ज्यांना गाड्यांमधलं सगळंच कळतं, तेही म्हणाले कंपनी देतेय तर मागे कशाला राहतोस. आली मग ड्युअल टोन, सनरूफ, चकाचक अलॉयवाली. दिसते झकास, खोटं कशाला बोलू.

पावसाळ्यात चाकण-शिक्रापूर रोडने एका कस्टमरचे परचेसवाले साहेब आणि त्यांचा क्वालिटीचा माणूस यांना घेऊन रांजणगावला त्यांच्या मशीनवर आमच्या टूलच्या ट्रायलला चाललो होतो. तो रोड ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे कंटेनर, त्याच्या मागे पाण्याने भरलेला खड्डा, दिसणार कुठून, धाडकन आवाज आणि डावीकडचा पुढचा टायर साइडवॉललाच, म्हणजे कडेच्या बाजूलाच, फाटला. स्टेपनी डिकीच्या तळाशी, तिच्यावर माझ्या सगळ्या पेट्या. एकेक पेटी काढून चिखलात ठेवली आणि परचेसवाले साहेब छत्री घेऊन उतरले, मला वाटलं माझ्यासाठी, तर नाही, पेट्यांवर धरली, म्हणाले पुठ्ठा भिजला तर आमचं स्टोअर माल घेत नाही. स्टेपनी निघाली बारीक चाकाची, 80 च्या वर पळवायची नाही असं तिच्यावरच लिहिलेलं. बरं, काढलेलं मोठं चाक त्या खळग्यात बसेना आणि वर परत पेट्या ठेवायच्या, म्हणून ते चिखलाने बरबटलेलं चाक मागच्या सीटवर क्वालिटीवाल्याच्या शेजारी बसून रांजणगावला आलं. पोचेपर्यंत त्यांनी मशीन प्रॉडक्शनला दिलेलं, ट्रायल पुढच्या आठवड्यावर गेली. आणि नुसता टायर फाटला तर साध्या इन्शुरन्समध्ये काही मिळत नाही, टायरचं वेगळं ॲड-ऑन लागतं, ते आमच्या लीजमध्ये घेतलेलंच नव्हतं. बिल माझ्या पगारातून.

हे दाजींना सांगितलं तर म्हणतात, पंक्चर किट ठेवायचं, आता स्टेपनी कोण वापरतं. अहो, ते किट खिळ्याच्या भोकाला, साइडवॉल फाटली तर त्यात कितीही फेस भरा, काही उपयोग नाही. हिशोब साधा आहे: 205/65 आर16 टायरची (रुंदी 205 मिमी, साइडवॉल तिच्या 65 टक्के, रिम 16 इंची) साइडवॉल साधारण 133 मिमी, 215/55 आर17 ची 118. तेवढंच 15 मिमी रबर कमी आणि खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये दुसरं काहीच नसतं. दाजी हा विषय निघाला की अजूनही लुकवर येतात. लुक आम्ही आत बसून बघतो का?

बाकी रोजचं म्हणाल तर बरी आहे. उंच बसायला मिळतं, पाणी साचलं तरी सेडानसारखा जीव खालीवर होत नाही, 4 मीटरच्या आत असल्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावते. ते 4 मीटरही टॅक्सपायीच, सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा 1500 पर्यंतच्या डिझेल गाडीला 18 टक्के जीएसटी, त्यापुढे 40, म्हणजे लीजचा हप्ताही त्याच हिशोबाने. मागचा खांब जाड आणि काच बारीक, रिव्हर्सला कॅमेऱ्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार, आणि पावसात कॅमेऱ्यावर चिखल. मागे तिसरा माणूस बसवायचा असेल तर तो सडपातळ बघून ठेवा. डॅशबोर्डचं चकचकीत काळं प्लास्टिक चाकणच्या धुळीत दुपारपर्यंत राखाडी होतं. एसीला बटणं असलेली गाडी बघा, टच पॅनेलवर चालत्या गाडीत बोट नेमकं पडत नाही. ऑटोमॅटिक घेणार असाल तर टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सवाली, नाशिक फाट्याच्या रांगेत ड्युअल क्लचवाला गिअरबॉक्स तापतो.

कंपनीच्या गाडीची सोय म्हणून टॅक्ससाठी पगारात जी रक्कम धरतात (पर्क), ती वर्षानुवर्षं 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला 1,800 आणि वरच्या इंजिनाला 2,400 होती, ड्रायव्हर असला तर आणखी 900. या साइजच्या गाड्या खालच्याच गटात बसतात. तुमच्या वर्षीचा आकडा सीएला विचारा. मध्येच नोकरी सोडली तर लीज तोडायचे किती पडतात तेही सहीच्या आधी एचआरकडून लेखी घ्या, तोंडी सगळे गोडच बोलतात.

आता तुमचं जाणं-येणं फक्त हिंजवडी-बाणेर असतं आणि डिकीत लॅपटॉपची बॅग असती तर 17 इंची काय, सनरूफ काय, खुशाल घ्या म्हटलं असतं. पण तुम्ही चाकण लिहिलंय. शोरूममध्ये गेलात की बॉनेट नंतर उघडा, आधी डिकीचा तळ उचलून स्टेपनी बघा आणि मोठं चाक त्या खळग्यात बसतं का ते त्यांच्याकडूनच बसवून घ्या.